धुऱ्यावरची तार

ता. ६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

चि. धनराज,

बाईचा आशीर्वाद घे. इकडे आम्ही धडधाकट आहोत. तुझ्या भाऊजीचा गुडघा दुखते, पण तो पावसाळाभर दुखते, त्याची काही बातमी होत नाही. म्हैस व्याली, वगार झाली. तिकडे तू, ज्योत्सना अन् गुड्डी बरे असाल असं मीच ठरवून टाकते, कारण विचारायची सोय तू ठेवली नाही. फोन लावला का वाजून वाजून बंद होते. म्हणून कागद घेतला. चवथीत शाळा सुटली माझी, तुले, लहान भावाले, कडेवर घ्यायले घरी कोणी पाहिजे होतं म्हणून. तवा अक्षरावर हसू नको. हसशीन तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

माझी झटका मशीन जळली.

बाबाच्या शेतातला माझा हिस्सा मी घेतला त्याले तीन साल झाले. तेव्हापासून तू बोलत नाही. नको बोलू. मी काही चोरी केली नाही अन् माफीही मागणार नाही. पण धुरा एकच आहे. या अंगाले माझी धानाची बांधी, त्या अंगाले तुझी. डुकरं रानातून उतरतात तवा कोणाचा सातबारा पाहून उतरत नाहीत. म्हणूनच मी ते सोलर बसवलं. एक प्लेट, एक बॅटरी अन् टिक टिक करणारा डबा. दिवसभर उन्हानं भरते, रातभर तारेत झटका सोडते. डुकराचं नाक लागलं का चपराक बसते, ते केकाटत परत जाते. मरत कोणी नाही. डुक्कर नाही, कुत्रं नाही, माणूस नाही. लाइनीचं बिल नाही, रातभर मचाणावर डबे बडवत जागणं नाही.

तू चौकात काय म्हटलं ते माझ्या कानावर आलं होतं. "आमच्या बाईनं डुकराले गुदगुल्या करायची मशीन आणली." सारे खदखदा हसले. हसू दे. दुसऱ्या साली बचत गटातल्या बायांनी तीच मशीन घेतली. मी एकेकीले तार धरायले लावली होती, भेव मोडावं म्हणून. कृष्णरावाच्या निर्मलाबाईनं धरली, "अगं माय!" म्हणून इळा फेकला अन् हसून हसून धुऱ्यावरच बसली. तेव्हापासून गावात माझ्या तारेले कोणी भेत नाही. पोट्टे पैज लावून हात लावतात.

तर ती मशीन जळली. मोहाडीले मनिषच्या दुकानात नेली. त्यानं डबा उघडला, वास घेतला अन् म्हणे, "मावशी, ही सोलरनं नाही जळली. हिच्यात मोटारीची लाइन घुसली."

म्हटलं, "आमच्या रानात लाइन कोण घालन?"

 हसला नुसता. त्याले साऱ्या तालुक्याचं माहीत आहे.

मी म्हणत नाही का तू केलं. मी एवढंच म्हणते का येनाच्या झाडापाशी, तुझ्या मोटारीच्या खोलीकडून येणाऱ्या अंगाले, हिरव्या वायरचा तुकडा मले धुऱ्यावर सापडला. टोकाले आकडा वळवलेला.

नाही, म्हणते. मले फिरवून बोलता येत नाही. तू केलं.

काहून केलं तेही मले समजते. तुझ्या अंगानं डुकरं घुसत होती, तुले वाटलं सोलर कमजोर पडलं. कमजोर सोलर नाही रे. गवत आहे. ओलं गवत तारेले टेकलं का सारा झटका जमिनीत उतरते. माझ्या अंगाचं गवत मी इळ्यानं कापते. तुझ्या अंगाचं कंबरेएवढं झालं आहे. ते मी कापू शकत नाही, कारण "माझ्या बांधीत पाय ठेवशीन तर तंगडी मोडीन" असं तू पंचायतीपुढं बोलला. मग तुले वाटलं, बाईचा झटका अन् आपली लाइन एका तारेले जोडली तर ताकद दुप्पट होईन. दोन बैल जुंपल्यासारखी. तसं होत नाही. माझी तार हाणते, तुझी तार मारते. अन् पाहायले दोन्ही एकच तार.

मागच्या साली शेजारच्या गावात अशाच लाइनीच्या तारेले चिकटून कसा गेला तो माणूस, तूच पाहून आला होता. घरी येऊन जेवला नव्हता असं ज्योत्सना सांगत होती.

माझं म्हणणं ऐक. मी दुसरी मशीन बसवून राहिली. तुझ्या बांधीलेही तिचाच वेढा घालू, तार माझ्याकडे पडली आहे. तू फक्त गवत काप अन् आकडा काढ. बोलू नको माझ्याशी, चालते. आकडा काढ.

हे पत्र ज्योत्सनाजवळ देते. ती बाजारात भेटन.

तुझी बाई

* * *

ता. ११ ऑक्टोबर, शनिवार

धनराज,

आशीर्वाद. तुझा निरोप पोचला. "बाईले सांग, तिची शेती तिनं करावी, माझी मी करतो." वा रे वा. एवढं वाक्य तू माझ्या तोंडावर म्हटलं असतं तरी मले बरं वाटलं असतं.

पण भाजीची पिशवी उचलता उचलता ज्योत्सना हळूच म्हणाली, "बाई, काढला बरं त्यानं आकडा. मी डोळ्यानं पाहिलं." ती खोटं बोलत नाही. तिले येत नाही. मग मी मशीन बसवली. चालू आहे, टिक टिक ऐकून झोप लागते. आता तेवढं गवत काप. मी नाही तर भाऊजी येऊन कापतील, त्यांची तंगडी मोडशीन का? तशीही एक गेलीच आहे.

घाईत आहे. हलका, लवकर येणारा धान पिकला, पुढच्या हप्त्यात कापणी लावते.

बाई

* * *

ता. १९ ऑक्टोबर, रविवार

चि. धनराज यास बाईचा आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत. हलका धान कापून झाला, एका जागी रचून पुंजणं घालून ठेवलं. वगार चांगली आहे, उड्या मारते. तुझे भाऊजी सकाळी घरामागच्या सांदवाडीत बसून बिडी ओढत होते अन् मले म्हणाले, "तू अन् गप्प? मले तर घर परक्यासारखं वाटून राहिलं." खरं आहे. तीन दिवस झाले, मी कोणावर ओरडली नाही.

हे पत्र ज्योत्सनाच्या हाती देणार नाही. तिले यातलं काही माहीत नसन तर माझ्या कागदातून माहीत होऊ नये. मी स्वतः तुझ्या दारात येईन, तुझ्या हातात ठेवीन अन् निघून जाईन. त्यावेळी तू काही बोलू नको. वाच आधी.

काल भंडाऱ्याले दवाखान्यात जाऊन आली. निर्मलाबाई बोलते आता. चहा घेतला बशीत. उजव्या हाताची दोन बोटं काळी पडली आहेत, डॉक्टर म्हणते पाहू, राहतील का नाही सांगता येत नाही. कृष्णराव वार्डाबाहेर बाकड्यावर बसून असतात. मी डबा नेला होता. घेतला नाही त्यांनी. शिव्या दिल्या असत्या तर मले सोसलं असतं. ते म्हणाले, "सत्यभामाबाई, आमची तुमच्या भरवशावर आली होती." बस, एवढंच.

गावात काय चाललं ते तू पाहूनच राहिला. सोलरनं बाई मारली, असंच सारे म्हणतात. मेली नाही ती, पण मेल्यासारखंच बोलतात. गटातल्या बाया आपल्या आपल्या तारा उपटून राहिल्या. माझ्या दारात दोन मशीन कोणी आणून टाकल्या, कोणाच्या ते विचारायची हिंमत मले झाली नाही. गावचा भय्याजी चौकातल्या हॉटेलात बसून सांगते, "सोलर म्हणजे फसवणूक. त्यापेक्षा लाइन बरी, निदान माणूस भेऊन तरी राहते." अन् लोक माना हलवतात. तुले समजते का याचा अर्थ? भारी धान उभा आहे अजून. पुढच्या हप्त्यात साऱ्या रानात आकडे पडतील. प्रत्येक धुऱ्यावर. मग कोणाकोणाले उचलत फिरशीन?

लाइनवाले येऊन गेले, ठाण्यातून दोघं आले. मले विचारलं, "बाई, मशीन कोणाची?" म्हटलं, माझी. "तार कोणाची?" माझी. "करंट कसा आला?" तिथं मी म्हटलं, "साहेब, मले सुधरून नाही राहिलं, सोमवारी येऊन सांगते." त्यांना वाटलं बाई घाबरली.

मी घाबरली नव्हती. मी तुझा विचार करत होती.

आता त्या सकाळचं लिहिते. तुले अर्धं माहीत आहे, मले अर्धं. दोन्ही एका जागी यायले पाहिजे.

कापणी लागली म्हणून मी आदल्या दिवशी मशीन अन् बॅटरी सोडून घरी आणली होती. बायांना ये-जा करायले तार आडवी येते, चालू कशाले ठेवू? माझा धान हलका, तो कापायले आला. तुझा भारी, तो उभाच. मशीन नेली का तुझ्या अंगाचा धुरा उघडा पडते, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी सांगितलं कोणाले असतं? तू माझ्यापुढं उभा राहत नाहीस. तुले दिसलं असन का प्लेटखाली डबा नाही, टिक टिक नाही, अन् डुकरं तर रोजचीच. मग तू परत आकडा टाकला. मशीन जळायचं भेवही नव्हतं या वेळी, मशीन घरीच होती.

आधी आकडा टाकत होता तवा रोज तू पहाटे काढतच असशीन. मी तुले तेवढा बेफिकीर समजत नाही. पण त्या हप्त्यात मोटारीची लाइन रातची बदलून दिवसाची झाली. रातभर लाइनच नव्हती, तार मेलेलीच पडून राहिली. सकाळी तुले वाटलं असन, आज काय काढायचं. का वाटलंच नसन काही, विसरला असशीन. ते तुलेच माहीत.

बाया त्या टोकाच्या बांधीत लागल्या होत्या. निर्मलाबाई मागून आली, डोक्यावर पाण्याचा गुंड, कमरेले इळा. तारेपाशी थांबली. हुशार आहे ती. मले हाक मारली, "बाई, चालू नाही ना?"

मी कापलेल्या धानाच्या कडपा मांडत होती. मान वर केली नाही. म्हटलं, "मशीन घरी आहे माझ्या, ये ना उचलून. पंचांग पाहतेस का?"

असंच म्हटलं मी. मले घाई होती. ती हसली अन् तिनं गुंड खाली ठेवून तार धरली. तेवढ्यात लाइन आली.

यापुढचं तीन दिवस कोणाले सांगितलं नाही. नवऱ्याले नाही. तिचा हात तारेले चिकटला. आवाज नाही निघाला तिचा. मी धावली, हात पुढं केला तिले ओढायले, अन् तुझ्या अंगाकडून आवाज आला, "बाई, हात लावू नको!"

तीन सालात पहिल्यांदा.

मी तिथंच खिळली. तू खोलीकडून धावत आला, अनवाणी, चिखलातून. हातात वाळलेला बांबू. येनाच्या झाडापाशी तू असा हाणला का आकडा उडाला अन् निर्मलाबाई पडली. तुझा पाय अर्धा पाण्यात होता रे. बांबू ओला असता तर तूही गेला असता. मी पाहिलं ते. अन् मग बाया ओरडत आल्या, साऱ्यांचं लक्ष तिच्याकडे, अन् तू हिरवी वायर गुंडाळली, दुपट्ट्याखाली घातली अन् गेला. तेही मी पाहिलं. दवाखान्यात न्यायले गाडी आली तवा तू नव्हता.

तिची बोटं गेली तर तुझ्या वायरनं अन् माझ्या तोंडानं गेली. हे मी कोणापुढं म्हटलं नाही, आज कागदावर म्हणते. तार उचल म्हणणारी मी होती. ती नवखी नव्हती, तिनं विचारलं होतं. मी उत्तर दिलं ते न पाहता दिलं.

काल ती मले म्हणाली, "बाई, मशीन तर घरी होती ना?"

म्हटलं, "होती."

"मग?"

म्हटलं, "विचारून सांगते."

कोणाले विचारून? तुले. म्हणून हे पत्र.

तू काय म्हणशीन ते मले पाठ आहे. गुड्डीचं लग्न ठरायचं आहे. ठाण्यात गेलो तर बाहेर कधी येईन ठिकाण नाही. ज्योत्सनाचं काय होईन. बाई, तू आधी शेत घेतलं, आता मले खड्ड्यात घालते. म्हण. रातभर हेच सारं मी तुझ्याकडून स्वतःले ऐकवलं आहे. गुड्डीच्या नावावर एकदा तर मी पलटलीही होती. ठरवलं होतं का सांगून टाकावं, हो, माझी मशीनच बिघडली असन. मशीन माझी, दोष माझा, भाऊ सुटला. मले शिव्या खायची सवय आहे, दोन जास्त.

पण मग भय्याजीचं ते हॉटेलातलं बोलणं आठवते. मी खोटं बोलली तर ते खरं होईन. सोलरनं मारलं हे माझ्या तोंडून निघालं तर या रानात सोलर कोणी परत लावणार नाही, अन् लाइनीचे आकडे सारे लावतील, कारण त्यांच्या मनानं दोन्ही सारखेच मारतात, मग फुकटचं काहून नको? अन् पुढची बाई जी तार उचलन, तिथं बांबू घेऊन धावणारा धनराज नसन.

म्हणून नाही. एवढं खोटं माझ्यानं होत नाही, तुझ्यासाठीही होत नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं मी निघते. आधी भंडाऱ्याले, निर्मलाबाईकडे, कारण पहिलं उत्तर तिचं आहे. तिच्यापुढं माझ्या तोंडचं सांगीन, तुझ्या वायरचं सांगीन. मग परत फिरून मोहाडीले ठाण्यात. मशीन घरी होती ते तुझे भाऊजी सांगतील, मनिष जळलेला डबा दाखवन, त्यानं ठेवला आहे. तू दुपट्ट्यात नेलेली वायर तू जाळली असशीन तर जाळ, माझ्याजवळचा तुकडा माझ्याजवळ आहे. हे धमकी म्हणून लिहीत नाही. तुले फसवून मागून जायचं नाही म्हणून लिहिते.

तू आला तर फार बरं. तू बोल, मी बाजूले बसीन. आपल्या तोंडानं सांगणाऱ्याले लोक वेगळ्या नजरेनं पाहतात, कायदा कसा पाहते ते मले माहीत नाही. नाही आला तर मी बोलीन, अन् दोन्ही बोलीन. आकडा टाकणारा धनराज, अन् चिखलात अनवाणी उभं राहून तो उडवणाराही धनराज. तिले ओढायले जाऊन मले मरू दिलं नाही तोही धनराज. एक सांगून दुसरं झाकणार नाही. कोणी म्हटलं का बाई भावाले वाचवते, तर म्हणू दे. कोणी म्हटलं का भावाले बुडवते, तेही म्हणू दे.

ज्योत्सनाले तू सांग. आज रात्रीच सांग. उद्या तिले बाहेरच्या तोंडून कळलं तर ती तुले कधी माफ करणार नाही, अन् त्यात मी तुझ्या बाजूनं बोलणार नाही.

भेव मलेही वाटते. पहिल्यांदाच वाटून राहिलं. पण लिहून झालं.

खाली तेच नाव टाकते जे उद्या ठाण्यात टाकीन. त्याच्या आधी मात्र हे लिहिते, का मी तुझी मोठी बहीण आहे, अन् उद्या संध्याकाळीही राहीन.

सत्यभामा कैलाश झंझाड